तिसऱ्या रांगेतली वस्तू

ती. ताईस,

नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकले आहे असं समजून घे.) तू बरी असशील, भावोजींची पाठ बरी असेल आणि शेजाऱ्यांची कपाटं उचलायला धावणं त्यांनी सोडलं असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द इथेच घालून टाकते, पुढे त्याला कुठे जागा मिळेल असं वाटत नाही. हे फोनवरच सांगणार होते, पण मी फोन हातात घेतला की आई शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र.

तर आमच्या विभागात 'तीन मिनिटांत प्रबंध' नावाची स्पर्धा झाली. जे करण्यात सहा वर्षं गेली ते तीन मिनिटांत, सामान्य माणसाला कळेल असं सांगायचं. पडद्यावर एकच चित्र, हातात कागद नाही, कसलीही वस्तू वापरायची नाही, आणि वेळ संपली की घंटा. सामान्य माणसं आणायची कुठून, हा प्रश्न आयोजकांनी गेटवरचे दोन पहारेकरी, झेरॉक्सवाल्या बाई आणि स्पर्धकांचे नातेवाईक बोलावून सोडवला. बाकीचे स्पर्धक पंचविशीतले, म्हणजे त्यांचे आईवडील माझ्या वयाचे. एका वडिलांनी आपुलकीने विचारलं, "तुमचं कोण आहे स्पर्धेत?" म्हटलं, "मीच आहे माझी." त्यानंतर ते माझ्याशी फार जपून बोलले.

माझा विषय तुला ठाऊक आहे असं तू म्हणतेस आणि सगळ्यांना सांगतेस की धाकटी नळदुरुस्ती शिकते. तर पुन्हा एकदा सांगते. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपला बारीक चीर पडली की तिचा एक आवाज असतो. वरून काही दिसत नाही, नळाला पाणीही नेहमीसारखं येतं. तो आवाज ऐकून, खोदल्याशिवाय गळती ओळखायची, हे माझं काम. भाषणाची सुरुवात मी अशी बसवली होती : "गेली सहा वर्षं मी रस्त्याला कान लावून आडवी पडते. आत्तापर्यंत माझ्यासाठी दोनदा ॲम्ब्युलन्स आलेली आहे." (दोन्ही वेळा खरंच आली होती. दुसऱ्या वेळी तर त्यांनी मला स्ट्रेचरवर घेतलंसुद्धा.)

माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, की सराव अशा माणसासमोर करा ज्याने ते आधी ऐकलेलं नाही, कारण ओळखीची माणसं तिसऱ्या वेळेपासून खोटं हसतात. मला घरात मिळून माणूस एक. पहिल्या दिवशी आई ॲम्ब्युलन्सला इतकी हसली की तिला ठसका लागला. मधेच विचारलंन, "पण मग ते पाणी जातं कुठं गं?" मी म्हटलं, जमिनीत मुरतं, आतली माती धुऊन नेतं, आणि एक दिवस रस्ता खचतो. "अगंबाई!" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही हसली. तिसऱ्या दिवशीही. अगदी खरं हसली ताई, मला खोटं हसणं कळतं, मी सहा वर्षं विभागात चहा प्यायले आहे. बाईंचा सिद्धांत मी घरबसल्या मोडला म्हणून फुगले होते. एकच खटकायचं. रोज त्याच जागी ती विचारायची, पाणी जातं कुठं. म्हणजे तिथेच माझं वाक्य कच्चं आहे असं धरून मी ते रोज रात्री बदलायची. तेरा वेळा बदललं. वाक्यात काही दोष नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी आई तिसऱ्या रांगेत, मांडीवर माझी पर्स. माझ्या आधी डिंकावर संशोधन करणारी मुलगी अर्ध्यात रडून खाली उतरली होती, त्यामुळे सभागृह सुतकी. मी ॲम्ब्युलन्स काढली. कोणी हसेना. आणि मग आई हसली. एकटी, मोकळी, ठसका लागेपर्यंत. तिचं ऐकून पहारेकरी हसले, झेरॉक्सवाल्या बाई हसल्या. दोन मिनिटं माझं बरं चाललं. मग ती जागा आली. तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज, "पण मग ते पाणी जातं कुठं गं?" मी घरच्या सवयीने उत्तर दिलं, ती "अगंबाई!" म्हणाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांतच घंटा झाली. निष्कर्ष राहूनच गेला.

नंतर आयोजकांनी बाजूला घेतलं. (खिशाला तीन पेनं लावतात, आम्ही त्यांना त्रिशूळ म्हणतो.) प्रेक्षकांची सगळ्यात जास्त मतं मला पडली होती, म्हणूनच चौकशी.

"या बाई तुमच्या कोण?"

"आई."

"यांनी हे भाषण आधी ऐकलंय?"

खोटं कशाला बोला. म्हटलं, "चौदा वेळा."

"मग प्रश्न का विचारला?"

आई तिथेच उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून. तिने त्रिशूळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्गात नाव पुकारल्यावर उत्तर न येणारी मुलगी बाकावरच्या मैत्रिणीकडे बघते ना, तशी. आणि ताई, तेव्हा मला ऐकू आलं. ऐकण्यावर प्रबंध लिहितेय मी.

त्रिशूळ वाट बघत होते. खरं कारण सांगितलं असतं तर बक्षीस मिळालंही असतं. पण ते आईसमोर सांगावं लागलं असतं, आणि मला ते अजून माझ्यासमोरही सांगता आलं नव्हतं. "आमचं ठरलं होतं," मी म्हटलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फॉर्म भरला. नियम सातचा भंग. वापरलेली वस्तू : आई, नग एक. मी खाली सही केली.

परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "मग, केव्हा आहे तुझं भाषण?" मी तिथेच, दांड्याला धरून, पहिल्यापासून म्हणून दाखवलं. ती हसली. शेजारची बाईही हसली. निष्कर्ष या वेळी पूर्ण झाला.

आता तुझ्याबद्दल. रविवारी तू म्हणालीस, आई ठणठणीत आहे, यांची पाठ एकदाही विसरत नाही, तूच पुस्तकात डोकं घालून बसतेस. तुझा फोन आला की ती चष्मा लावते. ऐकायला चष्मा कशाला, हे मला कधी सुचलं नाही. परवा चष्म्याच्या घरात घडी केलेला कागद सापडला. तिचंच अक्षर, ठळक. 'मोठीचा फोन. जावयांची पाठ विचारणे. कुंडीतल्या लिंबाला फुलं आली, सांगणे. लवकर ठेवणे.' आणि खाली रेघ मारून : 'धाकटीला कळू देऊ नये. तिची परीक्षा आहे.'

मी कागद होता तसा ठेवला. त्याशिवाय तिला तुझ्याशी बोलता यायचं नाही.

भावोजींना नमस्कार. पाठीची काळजी घ्यायला सांग, ती आमच्या घरात फार महत्त्वाची झाली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : डॉक्टरांकडे नेलं होतं. तिथे आई इतकं छान बोलली, की त्यांनी आधी माझीच चौकशी केली.

ता. क. २ : प्रबंध द्यायला चार महिने उरले आहेत आणि हिला आता दिवसभर एकटी ठेवता येत नाही. चार महिन्यांसाठी ये. वर जे काही लिहिलं ते एवढं विचारायचं धाडस व्हावं म्हणून लिहिलं. यायला जमणार नसेल तर हसून सोडून दे, मजेशीर पत्र होतं असं म्हण.

ता. क. ३ : ते सोड म्हटलं ते चुकलंच. तू येणार असं मी तिला सोमवारी सांगून बसले. तिने टाळी वाजवली, तुझी उशी उन्हात टाकली. मंगळवारी पुन्हा सांगितलं, पुन्हा टाळी, पुन्हा उशी. आज शुक्रवार. उशी रोज उन्हात पडते आहे.