मुंगीची शाळा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जहाजावरून बोलावणं आलं. जूनपासून पुन्हा इंजिनरूम. मुंगीची आई गेल्यापासून तिला शेजारच्या काकू सांभाळतात, पण आता त्याही लेकाकडे चालल्या. तेव्हा वसतिगृहाची शाळा शोधणं आलं. टेकडीवरची मोठी शाळा पाहून आलो. पहाटे कवायत, घोडेस्वारी, वक्तृत्व! भीड चेपेल पोरीची. मोठेपणी काय होणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तर बाईसाहेब माझ्या कोटामागे लपल्या. उत्तर मीच दिलं.

लोभ आहेच, सल्लाही धाड.
तुझा भाऊ

१२ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

घोडा तुला हवा, भाषणं तुला हवीत. तूच नाव घाल, गणवेश मी शिवते! अरे, सुट्टीत मुंगी माझ्या दुकानात कापडाच्या ढिगाआड बसून असायची. कुणी काही विचारलं नाही की आपणहून बोलायची, आणि मग थांबायचीच नाही. नदीकाठी एक लहान शाळा आहे, तिथल्या मुलांचे कपडे मी शिवते. जाऊन ये. फक्त तिथे तोंड बंद ठेव. जमेल ना?

तब्येतीला जप, रागावू नकोस.
ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जीभ चावून बसलो होतो. तिथल्या मोठ्या बाई खुराड्याची कडी दुरुस्त करत होत्या. त्यांनी मुंगीला काही विचारलं नाही, नुसती पक्कड धरायला दिली. बऱ्याच वेळाने मुंगीनेच विचारलं, की रात्री इथे व्हरांड्यातला दिवा चालू ठेवतात का. ताई, तिला अंधाराची भीती वाटते हे मला ठाऊकच नव्हतं. बाई म्हणाल्या, ठेवतात. तिथल्या तिथे नाव घातलं.

हसून घे, पण माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ

२० जून

ती. आत्यास,
सा. न.

मी बरी आहे. कोंबड्या माझ्याकडे आहेत. पलीकडच्या खाटेवरची मुलगी झोपेत गाते, मी तिला अजून सांगितलेलं नाही.

निघताना बाबा फाटकाशी खूप विनोद सांगत होते. बाई हसल्या, मी नाही हसले. बाबा घाबरले की फार बोलतात, हे तुला माहीत आहे ना? त्यांच्या पत्रात फार गमती असतील तर मला लगेच कळव. मग मी त्यांना मोठं पत्र लिहीन.

माझ्यावर आहे तेवढंच प्रेम बाबांवरही कर.
तुझी मुंगी