खांगचा जोडीदार

हामामात्सु
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय कायोताई,

थंडी सुरू झाली, तुझा गुडघा कसा आहे? तू पाठवलेली पर्सिमनची फळं पोचली. दोन अजून कडक आहेत, अगदी तुझ्यासारखी. तुझी कोहारु माझ्या बालवाडीच्या वर्गात मजेत आहे. आताशा गाजरंही खाते, तुझा विश्वास बसणार नाही.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

एप्रिलमध्ये तू म्हणाली होतीस, कोहारुची जोडी त्या व्हिएतनामी मुलाशी लावू नकोस, तिची जपानी भाषा बिघडेल. मी तिची बाई असले तरी तुझी धाकटी बहीण, मान डोलावली. मग आणखी दोघीतिघी पालकांनी तेच सांगितलं आणि खांगला जोडीदारच उरला नाही. फिरायला निघालो की त्याचा हात मी धरायचे. सगळ्या मुलांच्या आया म्हणायच्या, सात्सुकीबाई किती मायाळू. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू!

काल भूकंपाची कवायत होती. भोंगा वाजला की टेबलाखाली, मग जोडीदाराचा हात धरून अंगणात. जोडीदाराशिवाय जागचं हलायचं नाही, हे मीच मुलांकडून घोटून घेतलंय. मी झेंडा घेऊन पुढे होते. अंगणात मोजलं तर एक मूल कमी. पुन्हा मोजलं, तरी कमीच.

कोहारु शांतपणे म्हणाली, "खांग टेबलाखाली आहे. मला म्हणाला, हात दे. पण आई नको म्हणते ना."

मी धावत आत गेले. तो हात पुढे करून तसाच बसला होता. रडतही नव्हता. म्हणाला, "बाई, मी हललो नाही."

ताई, खरा भूकंप असता तर? काल संध्याकाळी त्याच्या आईला सगळं सांगितलं, तर तीच वाकून मला म्हणाली, आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारपासून खांगची जोडी कोहारुशी. तुझा राग मला माहीत आहे. मोठ्या बाईंकडे तक्रार करायची तर खुशाल कर, नोकरी गेली तर जाऊ दे. पण तुला पुन्हा कोहारुला त्याचा हात धरू नको म्हणायचं असेल, तर घरात म्हणू नकोस. सकाळी बालवाडीच्या फाटकाशी ये, आणि खांगकडे बघून म्हण.

तुझी बहीण, आणि खांगची बाई,
सात्सुकी