एकतिसावी टोपली

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

महिनाभर पत्राचं उत्तर दिलं नाही म्हणून आधी कान पकडते. पण बातमी ऐकलीस की माफ करशील. मागच्या रविवारच्या पेपरात माझ्या खिडकीतल्या तारेच्या टांगत्या टोपलीचा फोटो आला. कात्रण मी बाबांच्या नावाने वेगळं पाठवलंय, एव्हाना पोचलं असेल. तो फोटो बघून इथल्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या मेट्रनबाई पत्ता शोधत घरी आल्या. नव्या व्हरांड्यात लावायला त्यांना तीस टोपल्या हव्या आहेत. उद्घाटन १५ मार्चला आहे, आणि तोवर झाडं चांगली रुजून काठावरून खाली उतरलेली हवीत. काम पसंत पडलं तर दवाखान्याची सगळीच झाडं माझ्याकडे देऊ म्हणाल्या. ताई, इतकी वर्षं इथे मला ड्राफ्ट्समनची बायको म्हणूनच ओळखतात. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामासाठी दार वाजवलं.

अडचण अशी की फोटोतल्या टोपलीला मी काथ्याचं जुनं पायपुसणं कापून घातलं होतं. तीस पायपुसणी कुठून आणू? म्हणजे आईसारखं गोणपाट आणि प्लास्टिकचं अस्तर घालणं आलं. ते मला अर्धंमुर्धंच आठवतं. त्यात बाईंची ताकीद आहे की खाली पाणी ठिबकायला नको, डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं घसरतील. तेव्हा सगळं नीट, पहिल्यापासून लिहून पाठव.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना नमस्कार. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पेपरात फोटो आला की ताईला पत्र लिहायला सवड होते, हे कळलं. असो.

कात्रण मिळालं. बाबांनी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून ते पाहिलं. टोपलीच्या काठाची दुमड निरखली आणि म्हणाले, हा हिच्या आईचा हात. मग कात्रण दुकानाच्या काउंटरवर काचेखाली सरकवलं. आता घड्याळाचा पट्टा बदलायला आलेल्या माणसालाही ते बघूनच जावं लागतं. त्याच काउंटरच्या वर बावीस वर्षं माझी टोपली टांगलेली आहे. तिच्याकडे बाबा मान वर करतात ते कोळीष्टक दिसलं तरच.

अस्तराचा काठ तारेवरून दुमडून त्यावर धावदोरा घालायची पद्धत आईची नाही, माझी आहे. आई काठ तसाच सोडायची आणि तारेने देठ कापले जायचे. ती गेल्यावर मी ती युक्ती काढली आणि तुला शिकवली, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. पेपरात मात्र छापलंय की आईकडून शिकले. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? वाईट वाटलं, आणि हेवाही वाटला.

आता अस्तर. गोणपाट चार तास पाण्यात भिजव, पिळून टोपलीत ताणून बसव. त्याच्या आत काळं प्लास्टिक. दोन वाटे माती, एक वाटा पालापाचोळ्याचं खत, एक वाटा विटांचा चुरा. मध्ये फर्न, कडेने पेटुनिया. माती काठापासून दोन बोटं खाली ठेव. प्लास्टिक मात्र अखंड असू दे, म्हणजे तुझ्या मेट्रनबाईंच्या फरशीवर थेंब पडणार नाही.

बाबांचा खोकला बरा आहे. नर्सरीत कलमांचं काम साचलंय, म्हणून आवरतं घेते. माया आहे ती आहेच.
तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोपल्या लागल्या. आमच्या ह्यांनी व्हरांड्याचा नकाशा काढून प्रत्येक टोपलीची उंची लिहून दिली, आणि मेट्रनबाईंनी तो बाजूला ठेवून स्वतःची छत्री उभी धरून मापं घेतली. छत्रीच्या टोकाला जी टोपली लागली ती वर गेली. आमचे हे मात्र दोन दिवस रुसून बसले होते.

तीस जणींना अस्तर घालताना बोटांची सालटं निघाली, पण मजा आली. एक टोपली जास्तीची केली. ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. येता-जाता तिच्याकडे बघत असते.

ताई, पुन्हा एकदा आठवून बघशील का? आई टोपली भरायला बसली की तिच्या शेजारी तू असायचीस. मी पडले सामान हातात देणारी. तुम्ही दोघी खाली माना घालून काहीतरी बोलायचात आणि मला वाटायचं, आपण कधी त्या बाजूला बसणार? तेव्हा माझ्या लक्षात न राहिलेलं, तुझ्याकडून लिहायचं राहिलेलं, काही असेल तर कळव. अजून वेळ आहे.

उद्घाटनाला तू आणि बाबा दोघांनी यायचं आहे, सबबी चालणार नाहीत. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
धाकटी


२३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

राहिलं काही नाही. होतं ते सगळं लिहिलंय.

बाबांनी उद्घाटनासाठी कोट धुवायला टाकला. सात वर्षांत तो कपाटातून निघाला नव्हता. माझ्या नर्सरीची पाटी लागली त्या दिवशी मी त्यांना बोलावायला गेले होते, तर एका मनगटी घड्याळाचा काटा अडकलाय, उद्या बघतो म्हणाले. दुकानापासून नर्सरी वीस पावलांवर आहे. तुझ्यासाठी रात्रभराचा प्रवास करायला निघालेत, आणि मला रोज विचारतात की गाडीत खिडकीची जागा मिळेल ना.

माझं येणं जमणार नाही. रोपांना पाणी कोण घालणार? तू सासरी गेलीस तेव्हा बाबांचं दुखणं, दुकान, घर सगळं माझ्याकडे ठेवून गेलीस, त्याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. आता आईचा हातही तुझ्याकडेच गेला म्हणतात. मग इथे माझं म्हणून काय उरलं, ते तूच सांग.

रागावू नकोस. माया आहे ती आहेच.
ताई


१ मार्च

धाकटे,

मायना लिहायचं धाडस होत नाही. आधी काम सांगते. हे पत्र मिळेल त्या क्षणी दाभण घेऊन दवाखान्यात जा. प्लास्टिक अखंड ठेवायचं नसतं. दाभण मेणबत्तीवर तापवून प्रत्येक टोपलीला तळापासून बोटभर वर, सगळीकडून सात भोकं पाड. गोणपाटातून बाहेरूनच टोचलंस तरी चालेल. पेशंट यायच्या आधी सकाळी पाणी घालायचं, निथळू द्यायचं आणि फरशी पुसून घ्यायची. आई असंच करायची. भोकं नसली तर पाणी तळाशी साचतं आणि मुळं कुजतात.

मी हे विसरले नव्हते. पहिल्या पत्रात ते वाक्य लिहिताना मला पक्कं माहीत होतं. तू दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हाही माहीत होतं. तुझं कौतुक मला बघवलं नाही. एवढंच कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही.

काल बाबा तुझ्या टोपल्या अडकवायला जुन्या घड्याळांच्या साखळ्यांचे आकडे करत बसले होते. तीस आकडे. मध्येच त्यांनी विचारलं, तिला दाभणाचं लिहिलंस ना? मी हो म्हटलं. तर मान खाली घालूनच म्हणाले, मग झालं. तू सांगितलंस म्हणजे मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही, या घरात एवढं एक घड्याळ बरोबर चालतं. बावीस वर्षं मी ते एक वाक्य ऐकायला थांबले होते गं. ते आलं, आणि आलं ते असं.

तुझ्या टोपल्या कुजल्या असतील तर मेट्रनबाईंना माझं नाव सांग. मी येऊन त्यांच्यासमोर उभी राहीन.
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. तीसच्या तीस टोपल्या ठणठणीत आहेत. पेटुनिया काठाबाहेर पडल्या आहेत आणि मेट्रनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतात. भोकं मी पहिल्याच दिवशी पाडली होती.

मी सामान हातात देणारी होते, हे तुला लिहिलं होतं ना? आईला काय देत होते आठवतंय? तापलेलं दाभण. माती-खताचं प्रमाण माझ्या डोक्यातून पार गेलं होतं, पण हाताला बसलेला चटका कसा जाईल? तुझ्या पत्रात अखंड हा शब्द वाचला तेव्हा आधी वाटलं, ताई विसरली. मग वाटलं, ताई विसरत नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. रागही आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही, उगाच गोड लिहीत नाही.

पण मीही धुतल्या तांदळासारखी नाही. कात्रण मी मुद्दाम बाबांच्या नावाने पाठवलं, तुझ्या नाही. आयुष्यात एकदा तरी त्यांनी भिंग लावून माझ्याकडे बघावं असं वाटलं. तुला ते टोचेल हे मला कळत होतं. पेपरवाल्याने कोणाकडून शिकलात विचारलं, तेव्हा जिभेवर तुझंच नाव आलं होतं. ते गिळून आई म्हटलं. बाबा रोज तुझ्या हातचा चहा पितात, आई तुला शेजारी बसवायची, काठाची दुमडही तुझी. म्हटलं, निदान फोटो तरी नुसता माझा असू दे.

काठ तुझा आहे हे मेट्रनबाईंना सांगितलंय. तो पेपरवाला १५ तारखेला येणार आहे, त्यालाही सांगणार आहे. हा आणि याच्या आधीचा परिच्छेद बाबांना वाचून दाखव. बाकीचं आपल्या दोघींचं. रोपांना आठ दिवस शेजारची कोणीही पाणी घालेल, तेव्हा ती सबब पुन्हा लिहू नकोस. बाबांना खिडकीची जागा दे आणि तू शेजारी बस.

जास्तीची एक टोपली केली होती ना, ती एकतिसावी, ती मात्र मी तू लिहिलंस तश्शी भरली. प्लास्टिक अखंड. रोज सकाळी तिला पाणी घालून म्हणायचे, आज ताईचं पत्र येईल. दहाव्या दिवशी पानं पिवळी पडली, पंधराव्या दिवशी वास सुटला. हे म्हणाले फेकून दे. मी नाही फेकली. तू लिहिशील याची मला खात्री होती, पेटुनियांना तेवढा धीर निघाला नाही.

ती अजून तशीच खिडकीत आहे. मी तिला हात लावणार नाही. येताना आईचं दाभण घेऊन ये आणि तुझ्या हाताने ती रिकामी कर. नवीन माती मी भिजवून ठेवते. या वेळी भरताना मी शेजारी बसणार आहे.

माया मागत नाही, ती तू येताना घेऊन येशीलच.
तुझी,
धाकटी