रिकामे पिंजरे

प्रिय दादा,

तुझा ताप उतरल्याचं वहिनीने कळवलं. तुला चावलेली गोचीड कुत्र्याचीच, म्हणून तू आपल्या गुंड्याला दुसऱ्यांना देऊन टाकलंस, हेही कळवलं.

ती गोचीड गुंड्याची नव्हती. तिने आधी रानातल्या उंदराचं रक्त प्यायलं, त्यातून जंतू घेतले आणि तुला चावताना सोडले. तेच जंतू मी तपासणीसाठी रानात पकडलेल्या उंदरांत सापडलेत.

तुला ताप येण्याआधी मी रानातून थेट तुमच्याकडे आले आणि पिंजऱ्यांची पिशवी तुझ्या पलंगावर टेकवली, तेव्हा वहिनी म्हणाली होती, "वन्सं, उंदरांचं बिऱ्हाड बाहेर ठेवा."

"पिंजरे रिकामे आहेत गं," मी हसले होते. पिशवी मात्र झटकून पाहिली नव्हती.

गुंड्याला मी माझ्याकडे आणलंय. फोनवर तुझा आवाज आला की तो दाराशी जाऊन बसतो. तू विचारतोस, "काय नवीन?" मी म्हणते, "काही नाही."

तुझी धाकटी