अंगठ्याखालचं ट्रिम

प्रिय दादा,

कसा आहेस हे विचारत नाही, कारण विचारलं की तू ‘मजेत’ म्हणतोस आणि विषय तिथेच मिटतो. बारा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून शेवटी कागद काढला. कागदाला अंगठा दाखवून सुटता येत नाही, निदान पाकीट फोडावं तरी लागतं. आणि हो, मी चिडले आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच चिडले आहे. तेव्हा बसून वाच, उभ्या उभ्या वाचू नकोस.

बाबांच्या टेबलावर तू काय करून ठेवलंस, ते तुला माहीत तरी आहे का? पहिल्यापासून सांगते, कारण तुला अर्धंच ठाऊक आहे. दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तू तीन दिवस येऊन गेलास. त्यानंतरचं तू फोनवर ऐकलंस, मी पाहिलं. डावा हात उचलून मांडीवर ठेवला तर मांडीवर, टेबलावर ठेवला तर टेबलावर. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मुलांना विमान उडवायला शिकवणारा माणूस शर्टाची बटणं लावायला माझी वाट बघत बसायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “उजव्या हाताला आणि डोक्याला काम द्या, नाहीतर ते भिंतीकडे बघत बसतील.” तेव्हा मी पडद्यावर विमान उडवायचा तो सिम्युलेटर आणला. खिडकीशेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर, उजव्या हाताशी विमानाच्या दांड्यासारखी जॉयस्टिक. बाबांनी पहिल्या दिवशी तिला हातसुद्धा लावला नाही. “खेळणं आहे,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर विमान धावपट्टीवर उभं होतं आणि बाबा घामाघूम. उडवलं होतं, पण सरळ ठेवता येत नव्हतं. कारण ट्रिम करायचं तर कीबोर्डवरची बटणं दाबावी लागत, आणि ती दाबायला दुसरा हात लागे.

मला तोवर ट्रिम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं, “भरलेली बादली हातात धरून किती वेळ उभी राहशील? ट्रिम म्हणजे बादली खुंटीला अडकवणं.” विमानाचं नाक वर ठेवायचं तर दांडा सतत ओढून धरावा लागतो. ट्रिम लावलं की तो भार विमानच सांभाळतं, हात सुटतो. ज्याला एकच हात उरलाय त्याला याची किती गरज असेल, हे तुला मी सांगायला नको. निदान असं मला वाटत होतं.

मग तीन आठवडे आम्ही दोघं त्या जॉयस्टिकच्या मागे लागलो. दांड्याच्या डोक्यावर, अंगठ्याखाली, चारही बाजूंना हलणारं एक छोटं बटण आहे ना, त्यावर ट्रिम घ्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी ट्रिम तर झालं, पण त्याच बटणाला इकडेतिकडे बघायचं कामही आधीपासून दिलेलं होतं. त्यामुळे बाबांनी नाक खाली केलं की विमान खाली जाई आणि पडद्यावर आम्ही आपले आपल्याच बुटांकडे बघत बसू. झटक्यानंतर बाबा पहिल्यांदा खदखदून हसले ते तेव्हा. मग ते काम काढून टाकलं. मग एकेका दाबाला नाक भलतंच उसळायचं, ते कमी करत आणलं. मी दिवसभर कवळ्या बनवते रे, केसाएवढा फरक राहिला तर माणसाला घास चावता येत नाही, हे मला माहीत आहे. पण बाबांनी मला त्या तीन आठवड्यांत जितकं पिदवलं तितकं आमच्या लॅबच्या मालकिणीनेही कधी पिदवलं नसेल. “अजून थोडं कमी. नाही, आता फारच सुस्त झालं. मागे घे.” शेवटी जमलं. सरळ उडत असताना उतरायची तयारी करायची तर खालच्या बाजूला बरोबर अकरा दाब. बाबांनी दांड्यावरचा हात काढला, तो वर धरून मला दाखवला, आणि विमान आपलं सरळ चाललं होतं.

आणखी एक सांगते. तू दहा वर्षांचा होतास तेव्हापासून बाबा तुला विमानतळावर न्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, “पुढच्या वेळी.” ती पुढची वेळ कधी आलीच नाही. मी त्यांच्यावर रागावले नाही, तुझ्यावरही नाही. बाबांमागे तू वैमानिक झालास, घराला तेवढं पुरे, असं धरून चालले. पण माझ्या बेचाळिसाव्या वर्षी बाबांनी मला शेजारी स्टुलावर बसवून वारा कसा वाचायचा ते शिकवलं, दादा. त्या टेबलावर तू हात घातलास तेव्हा कशात हात घातलास, हे कळावं म्हणून सांगितलं.

तर तू आलास. चार दिवसांसाठी आलो म्हणालास आणि नऊ दिवस राहिलास. मला आनंदच झाला. येताना ते ट्रिमचं चाक घेऊन आलास, खऱ्या विमानात असतं तसं, जड, काळं, दातेरी. मी कामावरून आले तोवर तू ते टेबलाला आवळून बसवलंही होतंस. कुठे? डाव्या बाजूला. ज्या बाजूचा हात उठत नाही त्या बाजूला! मी म्हटलं तर तू काय म्हणालास, आठवतं? “हाताला व्यायाम होईल.” आणि जॉयस्टिकवरचं आमचं ट्रिम काढून टाकलंस. वर, बाबांचा जुना विद्यार्थी भेटायला आला होता त्याच्यासमोर हसत म्हणालास, “आमचे बाबा आता बटणं दाबून विमान उडवतात. लहान मुलांच्या खेळासारखं. म्हटलं जरा खरं काहीतरी देऊ.” तो बिचारा हसला, कारण हसायचं असतं म्हणून. बाबाही हसले. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते, तू बघत नव्हतास. तू चाक फिरवत होतास. नऊही दिवस दुपारी तूच त्या खुर्चीत होतास, बाबा पलंगावर बसून तुझ्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, असू दे, हौस आहे.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबांनी उडवायचा प्रयत्न केला. जाताना तू त्यांना सांगून गेला होतास की परवा लांबची फेरी आहे, समुद्रावरून, पहाटे निघणार, समोरून वारा असणार. तुला माहीत नसेल, पण तू फेरी सांगितलीस की बाबा ती कागदावर आखतात आणि त्या दिवशी तुझ्यासोबत निघतात. इथे, या टेबलावर. “आता तो किनारा ओलांडत असेल,” असं मला फोन करून सांगतात, मी दातांच्या साच्यावर वाकलेली असताना. त्या दिवशी फोन आला नाही. घरी आले तर बाबा विमान चौथ्यांदा वर नेत होते. चाक फिरवायला उजवा हात दांड्यावरून काढून अंगावरून आडवा डावीकडे न्यावा लागत होता, आणि तेवढ्यात नाक खाली. पुन्हा दांडा, पुन्हा चाक, पुन्हा नाक खाली. आणि मी काय म्हणाले सांगू? दमलेली होते, म्हणाले, “बाबा, नीट धरा ना.” विमान पाण्यात गेलं. त्यांनी पडदा बंद केला आणि म्हणाले, “डोळे दुखतात.”

मग आठ दिवस डोळेच दुखत राहिले. जॉयस्टिकवर पंचा टाकलेला. ताई म्हणाल्या, उजव्या हाताची बोटंसुद्धा आखडायला लागली आहेत. मी म्हटलं, बटणांवर परत घेऊ, त्यात काय एवढं. घेतलं. तरी विमान ऐकेना. बाबा अंगठ्याने नाक वर आणत आणि दोन सेकंदांत ते आपोआप खाली. मला वाटलं माझंच काही चुकलं. चार संध्याकाळी मी त्या सेटिंगमध्ये डोकं घातलं तेव्हा कळलं की तुझं ते चाक कुणी हात न लावताही आपला आकडा पाठवत बसतं, आणि अंगठ्याने केलेलं सगळं पुसून टाकतं. चाक नुसतं तिथे असूनही दुसऱ्या कुणाला काही करू देत नव्हतं. मी त्याची वायर उपटली. पाना घेऊन चाक टेबलावरून काढलं, टेबलाची कड थोडी सोलली गेली, गेली तर गेली. ते चाक जिन्याखाली ठेवलंय, येशील तेव्हा घेऊन जा.

आणि मग बाबांनी मला जे सांगितलं त्याने तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चाकाला शिव्या देत होते, ते शांतपणे म्हणाले, “अगं, त्याच्या मोठ्या विमानात ट्रिम अंगठ्याखालीच असतं.” म्हणजे तू रोज अंगठ्याने तेच करतोस! तुला चालतं ते बाबांनी केलं की लहान मुलांचा खेळ? मी त्याच मिनिटाला तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. तेव्हापासूनचे हे बारा दिवस.

रविवारी मी वहिनीला फोन केला. खरं सांगते, तुझी चुगली करायलाच केला. चाकाचं, पाहुण्यासमोरच्या बोलण्याचं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हटलं, “त्याला विमानं उडवायला एवढं मोठं आकाश दिलंय, बाबांचं टेबल तरी सोडायला सांग.” वहिनी रडायला लागली. तू तिला शपथ घातली होतीस, ती मोडली म्हणून तिच्यावर तोंड सोडशील तर गाठ माझ्याशी आहे. सात महिने, दादा? कानाच्या आत काहीतरी होऊन चक्कर येते, डॉक्टरांनी परवाना थांबवलाय, आणि सात महिने तू आम्हाला फेऱ्या सांगतोयस? कोणता समुद्र, कोणता वारा? बाबा कागदावर रेघा ओढत होते तेव्हा तू घरी सोफ्यावर बसला होतास? मला तुझी कीव आली असं लिहायला हवं, पण आधी रागच आला, आणि अजून तो उतरलेला नाही. आजार काही गुन्हा नाही. पण बाबांना तुझ्यामागे रिकाम्या आकाशात पाठवलंस, हे मी पटकन विसरणार नाही. नऊ दिवस त्या खुर्चीत तू का बसला होतास, ते मात्र आता कळलं. तेव्हाच बोलला असतास तर मी स्वतः चहा आणून दिला असता आणि स्टूल तुला दिलं असतं.

मी बाबांना सांगितलं. हो, सांगितलं. तुला विचारलं नाही, तूही आम्हाला काही विचारलं नव्हतंस. ते म्हणाले, “माझे डोळे अधू झाले आणि परवाना गेला, तेव्हा दोन महिने मी रोज डबा घेऊन घरातून निघत होतो. वाचनालयात बसायचो. संध्याकाळी परत यायचो आणि तुझ्या आईला आज कोण कसं उतरलं ते रचून सांगायचो.” मला ठाऊकच नव्हतं, दादा. आपल्याला एवढंच माहीत होतं की बाबांनी उडवणं सोडून कचेरीतलं काम घेतलं. म्हणाले, “फोन केलास तर तो तोडेल. तू पत्र लिही. त्याला लिही, की ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते. उडता येत नव्हतं म्हणून नाही, घरात बोलता येत नव्हतं म्हणून.” एवढं तुला कळवायचं होतं, म्हणून हे पत्र; बाकीचं माझं आहे. बाबा म्हणतात, रजा नको, निमित्त नको, युनिफॉर्म घालून तर मुळीच नको, नुसता ये. मी म्हणते, ये, पण आल्यावर आधी माझ्याशी नीट कडकडून भांड, कारण मी वाट बघत बसले आहे. बाबांशी काय बोलायचं ते मग बोल.

तुझीच, अजून रागावलेली,
कटकट