पुन्हा विचारू नये

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मी हसले. सगळ्यात आधी हे लिहून ठेवते, कारण उद्यापर्यंत मी स्वतःला पटवून देईन की हसलेच नव्हते.

डायलिसिस सेंटरच्या शकू सिस्टरनी आमच्या टीमच्या आनंदसरांना एक फोटो पाठवला. मांजरी गावातल्या एका पेशंटच्या बायकोचा फोन, त्यावर आमच्या कंपनीचं बुकिंग ॲप, आणि पांढऱ्या चौकटीत — ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का? पुन्हा विचारू नये.’ सरांनी तो मोठ्या स्क्रीनवर लावला. सूरज म्हणाला, “सर्व्हर कसबा पेठेत ठेवलाय वाटतं!” अख्खी टीम खिदळली. मीही.

मग सरांनी खालचा मजकूर वाचला. पेशंट दत्तोबा, वय अडुसष्ट. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी. हा मेसेज आल्यापासून सेंटरला येत नाहीत. कालचा सोमवार चुकला.

वाक्य माझं आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

झालं काय ते नीट मांडते. मांडल्यावर लहान होईल असं वाटतंय.

बायडाबाईंनी — म्हणजे दत्तोबांच्या पत्नीने — सोमवारची वेळ मागितली. विनंती सर्व्हरला पोचली, वेळ राखून ठेवली गेली. पण तसं सांगणारं उत्तर त्यांच्या फोनपर्यंत आलं नाही. रेंज गेली असेल. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. सर्व्हरला वाटलं, हीच विनंती परत कशाला? त्याने एरर फेकली. अशा बारा वेगवेगळ्या एररसाठी जानेवारीत मी बारा एक्सेप्शन क्लास, म्हणजे त्या-त्या चुकीसाठीचे कोडचे तुकडे, लिहिले होते. प्रत्येकात एक मजकूर. तो फक्त आमच्यापुरता, फोनवाल्या टीमने एरर मध्येच पकडून पेशंटला सभ्य वाक्य दाखवायचं, असं ठरलं होतं. अकरा पकडल्या. ही बारावी राहिली. ती जशीच्या तशी बायडाबाईंच्या हातात गेली.

सहा वेळा! त्यांनी सहा वेळा दाबलं आणि सहाही वेळा मी त्यांना तेच ऐकवलं.

सकाळी मीटिंगमध्ये सरांनी फाइल उघडली. शेवटचा बदल — स्पृहा, ऑगस्ट. ती जूनमध्ये लागली, अजून कायम झालेली नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला काय वाटलं? बरं वाटलं. खरंच. सुटल्यासारखं. सर म्हणाले, “स्पृहा, असले विनोद घरी करायचे.” ती माझ्याकडे बघत होती. मी बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले.

जागेवर येऊन त्या फाइलमधल्या बदलांचा जुना इतिहास काढला. स्पृहाने ऑगस्टमध्ये तो मजकूर बदललाच होता. तिने लिहिलं होतं — ‘आपली विनंती आधीच मिळाली आहे, काळजी नसावी.’ पण कोड तपासणारी माझी टेस्ट मजकुराचं अक्षर न् अक्षर ताडून बघते. एक शब्द इकडचा तिकडे झाला की लाल, म्हणजे नापास. ती लाल झाली. त्याखाली माझा शेरा — ‘टेस्टला हात लावायचा नाही. मूळ वाक्य परत लाव.’ आणि शेवटी हसरा चेहरा.

तिने परत लावलं. म्हणून तिचं नाव.

मांडल्यावर लहान नाही झालं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजही दत्तोबा आले नाहीत. दोन वेळा चुकल्या. शकू सिस्टर फोनवर सरांना म्हणाल्या, “अहो, पाय सुजलेत त्यांचे. दम लागतोय. तुमचं सॉफ्टवेअर घाला चुलीत, आधी माणसाला आणा.”

कालच कंपनीने माफीचा मेसेज पाठवला होता. ‘तांत्रिक कारणामुळे आपोआप तयार झालेल्या संदेशाबद्दल दिलगीर आहोत.’ सरांनी लिहिला. त्यातलं ऱ्हस्वदीर्घ मी तपासून दिलं. ‘आपोआप’ या शब्दावर माझी नजर दोनदा थांबली, तरी मी फक्त वेलांट्या दुरुस्त केल्या.

त्यावर दत्तोबांचं उत्तर सिस्टरनी जसंच्या तसं सांगितलं — “यंत्र असं बोलत न्हाई. हे मानूस बोललंय. त्या मानसाला आना, मग येतो.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सरांनी स्पृहाला मांजरीला पाठवलं. माझ्यासमोर. “तुझंच काम आहे, तूच निस्तर.” मला जागेवरून उठता आलं असतं. चार पावलांचा प्रश्न होता.

ती तीन वाजता परत आली. पॅन्ट्रीत आम्ही दोघीच. मी विचारलं, काय म्हणाले? ती कप विसळत होती. म्हणाली, “त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे तुझं न्हाई पोरी. तू घाबरतीस. असं लिवनारं मानूस घाबरत नसतंय.” मग नळ बंद करून म्हणाली, “भाग्यश्रीताई, मी कोणाचं नाव नाही सांगितलं.”

तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अर्थात! मजकूर तिने स्वतःच्या हाताने परत लावलाय. आणि ती गप्प राहिली — चांगुलपणाने की माझ्या भीतीने, हे विचारायचीही मला लाज वाटली.

मी न घाबरणारी! वर्ध्याहून आले तेव्हा कसब्यात एका दुकानात पिनांच्या पाकिटाची किंमत दोनदा विचारली होती. मागची रांग हसेल असं काहीतरी त्या गृहस्थांनी ऐकवलं. मी रस्त्यात रडले. बारा वर्षांत तोच सूर इतका घोटवला, की लोक मला ‘अस्सल पुणेकर’ म्हणतात आणि मला ते आवडतं. टीममध्ये माझ्या एरर वाचून दाखवतात. ते ऐकायला मी मुद्दाम जागेवर थांबते.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

जायचं ठरवलंय. साडेनऊ वाजले. अजून चपला घातलेल्या नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गेले.

मागे ऊस, पुढे बारा मजली इमारतींच्या सोसायटीची कमान, मध्ये त्यांचं घर. बायडाबाईंनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, आत गेल्यावर धीर सुटला असता. “मी भाग्यश्री. फोनवरचं ते वाक्य मी लिहिलंय. कालच्या मुलीने नाही.”

दत्तोबा खाटेवर होते. उशीला टेकून, पाय वर. घोटे दिसतच नव्हते. दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेत होते. मला नीट न्याहाळलं.

“म्हना की मग. लिवलं तसं तोंडानं म्हना.”

मी तोंड उघडलं. ‘एकदा’ एवढंच निघालं.

“फोनात तर झ्याक म्हनत व्हता.”

मी म्हणाले, चुकलं माझं. त्यांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. म्हणाले, “तीस वर्सं ह्या गावात कालव्याच्या पान्याची पाळी मी सांगायचो. कुनाला दिसा, कुनाला राती. एकच मानूस धा येळा इचारायचा. ज्याचं पीक वाळतंय त्यो इचारनारच की! मी कंदी म्हनलो न्हाई, पुन्ना इचारू नगंस.” मग दम घेऊन, “कुनासाटी लिवलं व्हतं हे?”

“कोणासाठी नाही. आमचं आपलं आपसात. हसायला.”

“आमच्यावर?”

नाही म्हणता आलं असतं. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी होतंच — काही न समजणारं, बटण बडवत सुटलेलं. त्याला चेहरा नव्हता, एवढंच. मी हो म्हणाले.

बायडाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “मीच सारखं दाबलं म्हून बिनसलं ना सगळं? ह्यांची पाळी माझ्या बोटानं गेली.” पाच रात्री त्या हेच धरून बसल्या होत्या! मी सांगितलं, पहिल्यांदा दाबलंत तेव्हाच वेळ मिळाली होती. सोमवारी खुर्ची यांच्यासाठी रिकामी ठेवली होती.

“म्हंजी घेतलं व्हतं आपल्याला?” दत्तोबांनी विचारलं.

“हो. पहिल्याच वेळी.”

त्यांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, “बायडे, पिशवी घे.”

रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले. शकू सिस्टर दारातच कडाडल्या, “नऊ दिवस, दत्तोबा! नऊ!” आणि लगेच त्यांचा दंड धरून आत नेलं. चार तास मी बाहेरच्या बाकावर होते. बायडाबाईंनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. नको म्हणायचं तोंड नव्हतं. खाल्ली.

माफ केलं असं कोणीच म्हणालं नाही. निघताना दत्तोबा म्हणाले, “त्या पोरीला सांगा, ती बरी हाय.”

रविवार, १६ नोव्हेंबर

सरांना मेल केला, टीममधल्या सगळ्यांना दाखवून. वाक्य माझं, टेस्ट माझी, स्पृहाचा बदल मागे घ्यायला लावणारी मी. स्पृहाचं वाक्य परत घातलं. टेस्ट आता मजकूर बघत नाही, फक्त योग्य एरर येते का ते बघते. हिरवी झाली. किती सोपं होतं!

सरांचं उत्तर — ‘ठीक. विषय बंद करू.’ स्पृहाचं काहीच नाही.

आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

स्पृहा सकाळी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, “ताई, तो मेसेज अजून कोणाला गेला, हे आपण पाहिलंच नाही.” तिने सर्व्हरवरच्या नोंदींचा लॉग काढून आणला होता. मार्चमध्ये ॲप सुरू झालं तेव्हापासून त्रेसष्ट फोन. तक्रार एकाची. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. त्यातल्या चार नावांपुढे त्यानंतर एकही बुकिंग नाही.

दुपारी फोन लावायला बसले. त्या चारांतला पहिला नंबर येरवड्याचा. एका बाईने उचलला. मी पेशंटचं नाव घेतलं, आहेत का म्हणून विचारलं.

“बाबांना जाऊन दोन महिने झाले,” ती म्हणाली. “आपण कोण बोलताय?”