बीजगणिताच्या पेपरात गॉर्डीकाका

तीर्थरूप आर्डिस आत्या हिच्या चरणी (ते चरण सध्या ॲरिझोनाच्या उन्हात मोज्यांशिवाय हिंडत असणार; मी इथे मोज्यांवर मोजे चढवून त्यांना वाकतो आहे) भाच्याचा, म्हणजे टोबिनचा, मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तिथल्या कोरड्या हवेत त्याची कुरकुर थांबली असेल अशी आशा आहे. ती विस्कॉन्सिनवाली शेजारीण पत्ते खेळताना अजून मांडीखाली पान लपवते का? लपवत असेल तर कळव, मी येऊन तिच्याशी दोन शब्द बोलतो. (आई म्हणते, माझे दोन शब्द म्हणजे अख्ख्या नॉर्डबी गावाची वर्षभराची भांडणं. खरंच आहे. इथे बाकीच्यांना राग आला की ते 'बरं आहे' म्हणतात आणि फावडं घेऊन बर्फ उपसायला निघतात. रागाने ओरडणारा मीच पहिला, आणि त्याबद्दल पुढे येणारच आहे.) घर ठीक आहे. नळ गोठले नाहीत. खिडकीतल्या जांभळ्या फुलांच्या कुंड्या जिवंत आहेत, एक सोडून. तिच्याविषयी समक्ष बोलू.

आत्या, सगळ्यात आधी तुझे आभार. हिवाळ्यासाठी दक्षिणेला निघताना तू मला घर सोपवलंस आणि बजावलंस, 'नळ थेंब थेंब चालू ठेव, बीजगणित पूर्ण कर, आणि माझ्या ऑर्विलच्या खुर्चीत बूट घालून बसू नकोस.' बाबांच्या घरी इंटरनेट म्हणजे वारा पडला असेल त्या दिवशी येणारा पाहुणा. तुझं घर नसतं तर कम्युनिटी कॉलेजचा हा ऑनलाइन वर्ग मी वाचनालयाच्या आवारात, गाडीत हीटर लावून केला असता. ड्युलुथचं मोठं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं तेव्हा सगळ्यांनी कारण विचारलं. (मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून सांगितलं. तत्त्वाचं नाव ब्रिटा होतं आणि तिने दुसऱ्याशी साखरपुडा केला.) तू मात्र काही न विचारता माझ्यापुढे कॉफी ठेवलीस. ते मी विसरलेलो नाही.

आता मुद्दा. वीजतंत्र्यांच्या संघटनेत काम शिकायच्या उमेदवारीसाठी माझा अर्ज गेला आहे. त्यांची अट एकच: शाळेत जे बीजगणित मी खिडकीबाहेर बघण्यात घालवलं त्यात किमान सी ग्रेड, आणि तीही नाताळाच्या आत. नाही मिळाली तर आणखी वर्षभर बाबांच्या शेडमध्ये टर्कींना दाणे घालायचे. त्या हजारो टर्की एकदम मान वळवून माझ्याकडे बघतात ना, तेव्हा मला वाटतं की त्यांनाही माझी ग्रेड माहीत आहे.

हा वर्ग म्हणजे एक विचित्र प्रकार आहे. वर्ग नाही, फळा नाही, क्विस्ट बाईंचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. दर आठवड्याला एक प्रश्न येतो. त्याचं उत्तर सगळ्यांना दिसेल असं लिहायचं आणि मग दोन वर्गमित्रांच्या उत्तरांवर काहीतरी चांगलं बोलायचं. बोललं नाही तर गुण जातात. सुरुवातीला मला काहीच जमेना. रागाच्या भरात लॅपटॉप असा आपटून मिटला की सातचं बटण उडून टोस्टरमागे गेलं. (आता उत्तरात सात आला की त्या खळग्यात पेन्सिल खुपसावी लागते. बीजगणितात सात किती वेळा येतो याची तुला कल्पना नाही.) शेवटी समीकरण कळलं ते तुझ्यामुळेच. तुझा नियम आहे ना, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही? या बाजूला भट्टीतून भांडंभर भाजलेला हॉटडिश आला की त्या बाजूला वड्या गेल्याच पाहिजेत, नाहीतर शेजारधर्म कलंडतो. क्विस्ट बाईंना मी हे लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, 'बरोबर. आता भांडं बाजूला ठेव आणि सोडव.'

याच वर्गात मारित आउनेही आहे. तीच, सहकारी दुकानात खिळे-हातोड्यांच्या काउंटरवर बसते ती, जिला नर्स व्हायचं आहे. (तळघरात तुला खिळ्यांच्या पुष्कळ पुड्या दिसतील. काही विचारू नकोस.) ती दर आठवड्याला न चुकता माझ्याच उत्तरावर लिहायची: 'छान मांडणी, टोबिन.' माणसाने काय समजायचं? मी समजलो. एका आठवड्यात तिच्या उत्तराखाली मी मन मोकळं केलं, चांगलं पानभर. तिचे डोळे, काउंटरवरचा दिवा, आणि माझं आयुष्य म्हणजे उजवी बाजू कोरी राहिलेलं समीकरण, वगैरे. ते सगळ्या वर्गाला दिसतंय हे लक्षात आलं तेव्हा क्विस्ट बाईंचे गुण येऊन पडले होते: 'भावना पोचल्या. प्रश्न दोन चलांचा होता. पाचपैकी दोन.' आणि मारितने लिहिलं: 'तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलंय. बाकी छान.' त्या 'बाकी' मध्ये काय काय येतं याचा मी अजून विचार करतो आहे.

असो. परीक्षेकडे येतो. परीक्षा घरीच, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात एक अदृश्य पहारेकरी असतो. आधी त्याला खोली चारी बाजूंनी फिरवून दाखवायची. मग खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, नजर पडद्यावरून हलायला नको. मी खोली दाखवली आणि तो म्हणाला, 'दुसरी व्यक्ती आढळली.' मी टेबलाखाली बघितलं, कपाट उघडून बघितलं. दुसरी व्यक्ती म्हणजे भिंतीवरचे ऑर्विलकाका! तो मासा हातात धरलेला मोठा फोटो. मी माफी मागून त्यांना भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पहारेकरी शांत झाला आणि पेपर सुरू झाला. आणि आत्या, मला येत होतं! पहिलं पान मी उतारावरून घसरगाडी सोडावी तसं संपवलं.

तेवढ्यात गॅरेजचं दार वाजलं आणि शेजारचे गॉर्डीकाका आत आले. तुझ्या अंगणातला बर्फ काढून झाला की ते न ठोठावता आत येतात हे मी तुला काय सांगू. काकू गेल्यापासून त्यांना रिकामं घर खायला उठतं हेही आपण सगळे जाणतो. पण मी पडद्यावरून नजर हलवू शकत नव्हतो, बोलू शकत नव्हतो. ते माझ्यामागे उभे राहून म्हणाले, "अभ्यास चाललाय वाटतं. चालू दे, चालू दे. मी निघालोच." आणि मग, आत्या, त्यांनी निघायला सुरुवात केली.

आपल्याकडे माणूस कसा निघतो ते तुला माहीत आहे. आधी खुर्चीत बसून गुडघ्यावर हात मारून "बरं तर" म्हणाले. मग उठले आणि तळ्यावर बर्फाची जाडी किती झाली ते सांगितलं. मग दाराशी गेले आणि टोपी घातली. टोपी काढून त्यांच्या मेव्हण्याच्या बोटीचं सांगितलं. दार उघडलं, थंडी आत घेतली, दार लावून म्हणाले, "तर असं आहे." पडद्यावर घड्याळ पळतंय, पहारेकरी लाल पट्ट्या दाखवतोय, 'दुसरा आवाज', 'दुसरी व्यक्ती', आणि मी एका अपूर्णांकाला घट्ट धरून बसलोय. शेवटी ते म्हणाले, "आर्डिस असती तर कॉफी टाकली असती." तिथे माझा बांध फुटला. मी उठून ओरडलो, "गॉर्डीकाका, जा ना हो आता घरी! जा!"

नॉर्डबीत असं कुणी कुणाला म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. म्हणाले, "हं. असं का." आणि मग ते बूट काढून परत आत येऊन बसले. पोराचं काहीतरी बिनसलंय, याला एकटं सोडणं बरं नाही, असं त्यांना वाटलं! वेळ संपून पेपर आपोआप बंद होईपर्यंत ते माझ्या पाठीवर हात फिरवत होते.

परीक्षा रद्द झाली. कॉलेजकडून आलेल्या निरोपात 'गैरप्रकाराचा संशय' असे शब्द होते. मी ऑर्विलकाकांच्या खुर्चीत (बुटांसकट, खोटं कशाला बोलू) बसून टर्कींचा विचार करत राहिलो. मग क्विस्ट बाईंचं पत्र आलं. त्यांनी पहारेकऱ्याचं सगळं चित्रण बसून पाहिलं होतं, सगळं, गॉर्डीकाकांच्या मेव्हण्याच्या बोटीसकट. त्या लिहितात: 'टोबिन, मी याच जिल्ह्यात वाढले. त्या माणसाला बाहेर काढणं कुणालाच शक्य नव्हतं. यात गैरप्रकार नाही, असं मी वर कळवलं आहे. पुढच्या शनिवारी पेपर पुन्हा दे, दाराला कुलूप लावून. आणि एक. ते सारखे तुझ्या सिंककडे बघत होते. त्यांचं भांडं दे त्यांना.'

आत्या, मी सिंकजवळ गेलो. तिथे त्यांचं हॉटडिशचं भांडं धुऊन ठेवलेलं होतं, कधीपासूनचं. भरायला काही नव्हतं म्हणून मी देत नव्हतो, आणि मागायचं कसं म्हणून ते मागत नव्हते. दोन्ही बाजू अडलेल्या. अख्खं सत्र बीजगणित शिकून हे मला दिसलं नाही, आणि जिचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही त्या बाईला दिसलं. मी त्यांना उत्तरात फक्त 'आभारी आहे' एवढं लिहिलं आणि नंतर बराच वेळ नाक शिंकरत बसलो.

तर माझं सगळं चांगलं चाललं आहे, काळजी नसावी. ऑर्विलकाका परत सरळ लावले आहेत. तिथल्या सूर्याला आणि कॉफीच्या टेबलावरच्या सगळ्या मंडळींना (पानं लपवणारी सोडून) माझा नमस्कार सांग.

तुझा ऋणी भाचा,
टोबिन

ता. क. तुझ्या घराची किल्ली कुठे असते? मी सगळे डबे, कोट आणि शिवणाची टोपली पालथी घातली. बाबा म्हणतात, त्या घराला कुलूप लागलेलं त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. शनिवारच्या आत कळव. फोन करत नाही, कारण रागावू नकोस, पण फोन ठेवताना तूही गॉर्डीकाकांसारखीच निघतेस.

ता. क. वादळामुळे टपालाची गाडी आली नाही, म्हणून पुढचं लिहितो. मी कडी-कुलूप आणायला सहकारी दुकानात गेलो. मारित म्हणाली, "आज खिळे नाहीत? कुलूप? नॉर्डबीत?" मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला. मग म्हणाली, "कुलूप मी तुला विकणार नाही. तू पेपर दे, मी बाहेरच्या खोलीत बसते. ते आले तर मी बघते. माझी आई फिनलंडकडची, आमच्यात दोन शब्दांत माणूस दाराबाहेर." पेपर संपल्यावर ती माझं तिसऱ्या ओळीचं वजाचं चिन्हही तपासणार आहे. तेव्हा आत्या, किल्ली कुठे आहे ते तुला आठवत असेल, तर तुझ्या पाया पडतो, विसर.

ता. क. आत्ताच गॉर्डीकाका येऊन गेले. मी तुझ्या वहीतल्या चॉकलेटच्या वड्या करून (कडेला जरा करपल्या) त्यांचं भांडं भरून वर कागद लावून तयार ठेवलं होतं. माफी मागितली. ते म्हणाले, "हं, चालायचंच," आणि खिशातून तुझ्या घराची किल्ली काढली. ऑर्विलकाकांनी कधीतरी गॉर्डीकाकांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवली होती म्हणे. बाबांकडून कुलपाचं कळलं म्हणून शनिवारसाठी मुद्दाम शोधून आणली होती. मी त्यांना मारितचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, भांड्याचा कागद उचलला, किल्ली वड्यांखाली सारली आणि कागद पुन्हा नीट दाबून बसवला. "बरं तर," म्हणाले. आणि आत्या, ते लगेच गेले.